बंधारा, ड्रेजिंग आणि गावची पुळण: पर्यावरण अहवाल कसा तपासायचा

उधाणाच्या लाटांनी माड पडायला लागले की किनाऱ्यावरच्या गावाची पहिली मागणी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची असते. त्याच खाडीच्या मुखाशी होड्यांची किंवा बार्जची वाट मोकळी राहावी म्हणून गाळ आणि वाळू काढली जात असते; यालाच ड्रेजिंग म्हणतात. बंधाऱ्याची फाइल एका कार्यालयात फिरते, ड्रेजिंगची दुसऱ्या. दोन्ही कामे हात घालतात ती एकाच वाळूला. म्हणून अहवाल वाचताना दोन्ही एकत्र वाचावेत, आणि त्याआधी गावाकडे स्वतःची काही मापे असावीत. पुढची कृती ग्रामपंचायत, मच्छीमार सहकारी संस्था आणि स्थानिक कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. यातले बहुतेक काम कोणत्याही तज्ज्ञाशिवाय करता येते.

पहिले काम: वाळूचा जमाखर्च

समुद्रकिनारा पैशाच्या खात्यासारखा पाहावा. जमेकडे नदीने आणलेली वाळू, शेजारच्या किनाऱ्यावरून लाटांनी सरकवलेली वाळू आणि मागच्या टेकाडांतली साठवण. खर्चाकडे वाळू उपसा, ड्रेजिंग, जेटी किंवा लाटरोधक भिंतीच्या कुशीत अडकून राहिलेली वाळू आणि वाऱ्याने आत गेलेली वाळू.

पूर्व किनाऱ्यावर हा हिशेब उघड दिसतो. तिथे वाळूचा निव्वळ प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे असतो. चेन्नई बंदराच्या भिंती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उभ्या राहिल्या. त्यानंतर दक्षिणेला मरिना बीच रुंदावत गेला आणि उत्तरेला रोयापुरमचा किनारा खचत गेला. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदराच्या भिंती बांधल्या आणि शहरासमोरची पुळण संपली. तिथे आधी दगडी भिंत घातली गेली. किनारा परत आणायला मात्र पाण्याखालचा बांध आणि बाहेरून आणून टाकलेली वाळू लागली.

कोकणचे गणित वेगळे आहे. इथल्या बहुतेक पुळणी दोन डोंगरी टोकांच्या मधे अडकलेल्या आहेत. एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जाणारी वाळू कमी, म्हणजे खाते जवळजवळ बंद असते. आषाढात लाटा वाळू ओढून समुद्रात आडव्या दांड्याच्या रूपात ठेवतात आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तीच वाळू हळूहळू परत येते. याचा अर्थ ऑगस्टमध्ये काढलेला उघड्या मुळांचा फोटो धूप सिद्ध करत नाही. त्याच वेळी, खाडीमुखातून कायमची उचललेली वाळू इथे दुसरीकडून भरून येत नाही. खाडीमुखाचा दांडा म्हणजे पुळणीची राखीव साठवण. ‘नौकानयन मार्ग सुकर करणे’ या नावाखाली तो दांडा विकला गेला, तर धूप दोन-तीन पावसाळ्यांनी शेजारच्या वाडीत दिसते आणि तेव्हा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

हिशेब मांडताना एकक सारखे ठेवा. वाळूचे लिलाव ब्रासमध्ये होतात, ड्रेजिंगचे अहवाल घनमीटरमध्ये. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. खाडीतल्या हातपाटीच्या (होडीतून हाताने वाळू काढण्याच्या) आणि ड्रेजरच्या परवान्यांचे गेल्या दहा वर्षांचे आकडे जिल्हाधिकारी कार्यालयातून, तर जेटी व मार्गाच्या गाळ काढण्याचे आकडे महाराष्ट्र सागरी मंडळाकडून माहितीच्या अधिकारात मागवा. अर्जात ‘मंजूर’ आणि ‘प्रत्यक्ष काढलेले’ असे दोन वेगळे रकाने मागावेत. नाहीतर फक्त मंजूर आकडा हाती येतो.

दुसरे काम: पुळण मोजा

यासाठी दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या, दोन मीटर दोरी आणि एक वही पुरते. काठीवर वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. शून्य वरच्या टोकाला.

कायम राहणारा बिंदू निवडा: विहिरीचा कठडा, देवळाची पायरी, जुन्या धक्क्याचा दगड. तिथून समुद्राकडे सरळ रेषा धरा आणि दर वेळी तीच रेषा ठेवा. पहिली काठी बिंदूवर, दुसरी दोन मीटर पुढे समुद्राच्या बाजूला. मागच्या काठीशी उभे राहून पुढच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत दिसेल तिथे डोळा आणा आणि ती रेषा मागच्या काठीला जिथे छेदते ते माप वाचा. तेवढी जमीन त्या दोन मीटरमध्ये उतरली. जमीन चढती असेल तर उलट करा: मागच्या काठीचे टोक आणि क्षितिज जुळवून माप पुढच्या काठीवर वाचा आणि वहीत अधिकचे चिन्ह करा. धुक्यामुळे क्षितिज दिसत नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी चालते.

हे माप महिन्यातून एकदा, अमावस्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाच्या पूर्ण ओहोटीला घ्यावे, म्हणजे जास्तीत जास्त पुळण उघडी मिळते. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी लहान असताना) खालचा भाग पाण्यात राहतो. एका पुळणीवर किमान तीन रेषा लागतात: दोन टोकांना एकेक आणि मधे एक. एका टोकाची वाळू दुसऱ्या टोकाला सरकली असेल तर ते एका रेषेने कधीच कळत नाही.

तुलना मे महिन्याची मे महिन्याशीच करायची. समजा दोन मे महिन्यांत ६० मीटर रुंदीवर सरासरी ४० सेंटिमीटर पातळी खाली गेली आणि पुळण ५०० मीटर लांब आहे. ६० × ०.४ × ५०० म्हणजे १२,००० घनमीटर, सुमारे ४,२४० ब्रास. हा आकडा उपशाच्या आकड्याशेजारी ठेवला की चर्चेचा सूर बदलतो.

बंधाऱ्याचा आराखडा कसा वाचावा

किनारी भिंत मागची जमीन वाचवते, समोरची पुळण वाचवत नाही. दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी गाव एकच मागणी करते, इथे पहिली गफलत होते. उतरत्या वाळूवर लाट धावत जाऊन शक्ती गमावते. भिंतीवर ती आपटून मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. भिंतीच्या पायथ्याशी साधारण एका लाटेच्या उंचीएवढा खड्डा पडू शकतो, हा अभियंत्यांचा ढोबळ आडाखा आहे. पाया त्याहून वर असेल तर दगड पुढे घसरणार.

आराखड्यात या गोष्टी शोधा.

लाटेची उंची कोणती धरली आहे आणि तिच्यावरून दगडाचे वजन कसे काढले आहे? प्रचलित हडसन सूत्रात दगडाचे वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २.६५ घनतेचा खडबडीत काळा दगड, १:२ चा उतार आणि फुटणारी २ मीटरची लाट धरली तर एका दगडाचे वजन सुमारे १.३ टन निघते. लाट ३ मीटर धरली तर सुमारे साडेचार टन. जागेवर दोन माणसांना ढकलता येणारे दगड पडत असतील तर काही पावसाळ्यांत ते पुळणभर विखुरणार. मग बंधाराही जातो आणि होड्या ओढायची जागाही.

खाली गाळणीचा थर आहे का? मोठ्या दगडांखाली त्यांच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्श्याच्या वजनाचे दगड, त्याखाली खडी किंवा जिओटेक्स्टाइल कापड असावे लागते. कापड नसेल किंवा अंथरताना फाटले असेल तर दर लाटेबरोबर मागची माती फटींतून निसटते आणि बंधारा वरून शाबूत दिसत असतानाच मागे खड्डे पडतात. जाळीतले दगड, म्हणजे गॅबियन, खाऱ्या हवेत तारा गंजून काही वर्षांतच सुटतात. वाळूच्या पिशव्या उन्हाने आणि होडीच्या घासण्याने फाटतात.

दोन्ही टोके कुठे संपतात? बंधाऱ्याच्या टोकाशी लाटा वळतात आणि शेजारची जमीन पूर्वीपेक्षा जोरात खातात. टोक खडकात संपत असेल तर ठीक. उघड्या वाळूत संपत असेल तर पुढच्या वाडीचा ठराव आणि संमती आराखड्यासोबत हवी. हे फार कमी वेळा पाहिले जाते, आणि यावरूनच नंतर वाडी-वाडीत भांडणे होतात.

व्हाळ आणि पऱ्यांना, म्हणजे ओढ्यांना, वाट ठेवली आहे का? उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की बंधाऱ्यावरून आत आलेले आणि डोंगरावरून उतरलेले पाणी वाडीतच तुंबते. मोऱ्यांची तळपातळी भरतीच्या पातळीशी ताडून पाहा.

पर्यावरणाच्या बाजूने तीन नुकसाने ठळक आहेत. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला रुंद, मोकळी पुळण लागते. दगड पडले की रापणीची जागा कायमची गेली. ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात आणि पिल्ले बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या किनाऱ्यांवर भिंत आली तर मादीला भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू मिळत नाही. आणि मागच्या वाळूच्या टेकाडांचा समुद्राशी संबंध तुटला की वादळात वाळू पुरवणारी साठवणही मोडते.

म्हणून आराखड्यात ‘पर्याय’ हे प्रकरण असायलाच हवे, आणि त्यात फक्त दगड की टेट्रापॉड (काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे) एवढीच निवड नको. मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा या वाळूत वाढणाऱ्या वनस्पती लावून, काट्याकुट्यांचे कुंपण घालून टेकाडे परत उभारता येतात. कुंपण वाऱ्याला आडवे, अर्धे सच्छिद्र आणि साधारण मीटरभर उंच असावे. पूर्ण बंद कुंपणापाशी वारा घुमतो आणि वाळू साचत नाही. टेकाडावरून फिरणारी वाहने बंद केल्याशिवाय यातले काही टिकत नाही. सुरूची बने वारा अडवतात, पण त्यांच्या उथळ मुळांनी वाळू धरून ठेवली जात नाही. लाटा लागल्या की झाडे ओळीने पडतात. खाडीमुखातून निघालेली स्वच्छ वाळू जवळच्या खचणाऱ्या पुळणीवर टाकणे हा सर्वांत सरळ पर्याय आहे, आणि तो ड्रेजिंगच्या निविदेत लिहिला गेला तरच होतो. जिथे घरे किंवा रस्ता खरोखर लाटेच्या तोंडाशी आहे आणि मागे सरकायला जागाच नाही, तिथे बंधारा हवाच. तो तेवढ्याच लांबीचा मागा.

ड्रेजिंगच्या अहवालात काय पाहावे

सुरुवात घनमापाने करा. मार्गाची लांबी × रुंदी × वाढवायची खोली. १० किलोमीटर लांब, ३०० मीटर रुंद मार्ग २ मीटरने खोल करायचा तर ६० लाख घनमीटर, आणि त्यात दोन्ही बाजूंचे उतार व नेमक्या खोलीपेक्षा थोडे जास्त खणण्याची मुभा धरलेली नाही. अहवालातला आकडा तुमच्या गुणाकारापेक्षा कमी असेल तर कारण विचारा. त्यानंतर दरवर्षी किती गाळ परत भरेल तो आकडा शोधा. मुंबई बंदरासारख्या गढूळ, मोठ्या भरती-ओहोटीच्या पाण्यात खोल केलेला मार्ग सतत भरत राहतो, म्हणजे एकदाच्या कामाची मंजुरी ही प्रत्यक्षात कायमच्या उपशाची मंजुरी असते.

कोणता ड्रेजर? चालत्या जहाजाने सोंडेतून गाळ ओढून पोटात भरणारा हॉपर ड्रेजर, एका जागी नांगरून कापत जाणारा कटर, किंवा बार्जवरचा पोकलेन. हॉपर भरताना गाळासोबत पाणीही येते. पोट भरले की वरचे गढूळ पाणी बाहेर सोडून जड माल आत ठेवतात. याला ओव्हरफ्लो म्हणतात, आणि गढूळपणाचा सर्वांत मोठा लोट तिथूनच सुटतो. वाळूत ओव्हरफ्लोने खेपा वाचतात. मऊ चिखलात मात्र फायदा थोडा आणि हानी जास्त. अटींत ‘चिखलाच्या पट्ट्यात ओव्हरफ्लो नाही’ असे स्पष्ट वाक्य मागा.

लोट किती लांब जाईल हे स्वतः तपासता येते. ०.१ मिलिमीटरची बारीक वाळू १० मीटर पाण्यात वीसेक मिनिटांत तळाला बसते. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल तर ती सुमारे ६०० मीटर जाईल. ०.०१ मिलिमीटरचा गाळाचा सुटा कण तेवढ्याच पाण्यात तीसेक तास घेतो, म्हणजे बसण्याआधी तो दोन-तीन भरत्यांबरोबर आत-बाहेर फिरतो. खाऱ्या पाण्यात बारीक कण एकमेकांना चिकटून लवकर बसतात हे खरे, पण पुढच्या उधाणाचा प्रवाह त्यांना पुन्हा उचलतो. तळाच्या नमुन्यांत निम्म्याहून जास्त चिखल असून अहवाल ‘परिणाम ५०० मीटरच्या आत’ म्हणत असेल, तर त्या गणितात कोणता कण-आकार घातला ते विचारा. गाळ अडवणारे पडदे सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त प्रवाहात फुगून वर येतात आणि निकामी होतात. उत्तर कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी उधाणाला तेवढा वेग असतो, म्हणून तिथे उपाययोजनेत फक्त पडदे लिहिले असतील तर ती उपाययोजना कागदावरचीच.

काढलेला माल टाकणार कुठे? ६० लाख घनमीटर माल २ × २ किलोमीटरच्या चौकोनात टाकला तर सरासरी दीड मीटरचा थर होतो. त्याखालचे तळातले जीव संपतात, आणि आजूबाजूला जाळी ओढणाऱ्यांना चिखलाचा त्रास होतो. टाकण्याच्या जागेचा नकाशा घेऊन तांडेलांबरोबर (होडीच्या प्रमुखांबरोबर) बसा आणि त्यावर आपली मासेमारीची ठिकाणे आखा. टाकलेला माल भरतीबरोबर परत मार्गात येत नाही याचा प्रवाह-अभ्यासही मागा.

मालात विष आहे का? औद्योगिक खाड्यांत आणि जुन्या गोद्यांत वरचा मीटरभर थर सर्वांत दूषित असतो: पारा, शिसे, तांबे, तेलाचे अंश आणि जहाजांच्या जुन्या रंगातले ट्रायब्युटिल टिन. असे रंग २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार बंद आहेत, पण चिखलात ते अजून सापडतात. नमुने फक्त वरून खरवडून घेतले की खणण्याच्या पूर्ण खोलीपर्यंत नळी घालून, हे पाहा. ढवळल्यावर पाण्यात किती विष सुटते याची चाचणी वेगळी असते. ती अनेकदा नसते.

डोलजाळ हा प्रवाहावर चालणारा धंदा आहे. मार्ग खोल झाला की पाणी तिकडे ओढले जाते आणि बाजूच्या खुंटांवरचा प्रवाह मंदावतो किंवा दिशा बदलतो. अहवालात प्रवाहाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे नकाशे असतात. त्यावर प्रत्येक कवीची, म्हणजे डोलजाळ लावायच्या खुंटांची, जागा आखून फरक वाचा. खाडीच्या आत खोली वाढली की खारे पाणीही जास्त वर चढते, म्हणून काठच्या विहिरींचे पाणी काम सुरू होण्याआधी मार्च ते मे दरम्यान तपासून नोंदवा. खाजणातली शेती, तिसऱ्या व कालवे (शिंपले) आणि निवट्यांचे (चिखलातल्या माशांचे) चिखलपट्टे यांची यादी बायकांना विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही. ओहोटीला तिथे त्याच काम करतात, आणि अहवालातल्या सर्वेक्षणात बहुतेक वेळा त्यांचे काम मोजलेच जात नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ‘तेव्हा मच्छीमारांना त्रास नाही’ म्हणून त्याच काळात खणण्याचा प्रस्ताव येऊ शकतो. ती बंदी मुळात माशांच्या विणीसाठी आहे, तेव्हा हा युक्तिवाद मान्य करू नका. मालवणसारख्या ठिकाणी, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळावर बसणारा गाळ हा वेगळा आणि गंभीर मुद्दा आहे.

मंजुरीच्या वाटेवर

बंदर, लाटरोधक भिंत आणि नवीन ड्रेजिंग १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत येतात. वर्षाला ५० लाख टन किंवा जास्त माल हाताळणारे बंदर केंद्राकडे जाते, त्याहून लहान राज्याच्या प्राधिकरणाकडे. देखभालीचे ड्रेजिंग मूळ मंजुरीच्या आराखड्यात धरलेले असेल तरच त्याला सूट आहे. ‘हे नुसते देखभालीचे काम’ असे कोणी म्हणाले की मूळ मंजुरीचे पत्र मागा आणि त्यात ती खोली, तो मार्ग आणि ती टाकण्याची जागा आहे का पाहा. निव्वळ धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला सहसा जनसुनावणी लागत नाही. तो सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना २०१९ खाली राज्य किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो, म्हणून तिथे ग्रामसभेचा ठराव आणि तुमची मापे लेखी पाठवणे हाच मार्ग.

जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अप्पर जिल्हाधिकाऱ्याहून खालचा नसलेला प्रतिनिधी अध्यक्ष असतो. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय व एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात सूचना हवी, आणि अहवालाचा सारांश मराठीतही हवा. सारांशावर भागवू नका. प्रवाहाची गणिते, नमुन्यांच्या जागा आणि टाकण्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश मूळ अहवालाच्या परिशिष्टांत असतात. पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. सुनावणीत गणसंख्येची अट नसते, म्हणजे बहिष्कार टाकला तरी ती पूर्ण धरली जाऊ शकते. बहिष्कार टाकायचा असला तरी हरकती लेखी देऊन पोच घ्या.

हरकत लिहिताना ‘मासेमारी नष्ट होईल’ एवढ्यावर थांबू नका. ‘परिशिष्टातील नमुना क्रमांक अमुक ओहोटीला घेतला आहे, पावसाळ्याचे मोजमाप नाही, त्यामुळे नैर्ऋत्येच्या लाटांतला गाळ हिशेबात नाही’ असे लिहिलेल्या हरकतीला उत्तर द्यावे लागते. एकाच हंगामाची आकडेवारी ही कोकणातल्या अहवालांची सर्वांत मोठी फट आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराच्या प्रस्तावात समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ किलोमीटर लांबीची लाटरोधक भिंत आहे. एवढ्या आकाराच्या कामात परिणाम फक्त त्या गावापुरता नसतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या किनाऱ्याची मापे अनेक गावांनी मिळून ठेवावीत.

मंजुरीच्या विरोधात राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला ३० दिवस असतात, पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६०. त्यापुढे नाही. परिवेश हे पर्यावरण मंजुऱ्यांचे सरकारी संकेतस्थळ दर आठवड्याला पाहणारा एक माणूस गावाने नेमून ठेवावा.

काम सुरू झाल्यावर

मंजुरीच्या अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो मागवा, आणि त्यासोबत ड्रेजरच्या प्रत्येक खेपेची नोंद: कुठे भरले, किती भरले, कुठे रिकामे केले, जीपीएस मार्गासह. ठरलेल्या जागेच्या अलीकडेच माल सोडला तर इंधन आणि वेळ वाचतो, म्हणून ही नोंद सर्वांत आधी तपासायची.

पाण्याचा गढूळपणा स्वतः मोजा. २० सेंटिमीटर व्यासाची, चार भाग करून आलटून-पालटून काळी-पांढरी रंगवलेली वजनदार तबकडी खुणा केलेल्या दोरीने सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली लिहा. काम सुरू होण्याआधी किमान दोन महिने, उधाण आणि भांग दोन्ही वेळा, भरती संपताना. आधीचे माप नसेल तर ‘पाणी इथे नेहमीच गढूळ असते’ या उत्तरापुढे काही बोलता येत नाही.

नुकसानभरपाईचा प्रश्न शेवटी नोंदींवर येऊन थांबतो. २०१५ मध्ये हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातल्या १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांना दिला, कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, म्हणजे अशा लढ्याला वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे कागद टिकायला हवेत. प्रत्येक होडीमागे तारीख, ठिकाण, जाळ्याचा प्रकार, किलोत पकड, विक्रीची रक्कम आणि डिझेल अशी साधी वही ठेवा. संस्थेच्या डिझेल परताव्याच्या आणि बर्फाच्या पावत्या जोडा. बिगरयांत्रिक होड्या, पायी मासेमारी करणारे आणि कालवे काढणाऱ्या बायका यांच्याकडे पावत्या नसतात, म्हणून त्यांची नावे आणि कामाची ठिकाणे ग्रामसभेच्या ठरावात, काम सुरू होण्याच्या आधीच्या तारखेने, नोंदवून ठेवा.